‘हँग’ होणे : घरगुती संगणकावरील खेळांची गती आणि तिच्या निदानाचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

परका शब्द भाषेत येतो तेव्हा तो एखादी वस्तू तर आणतोच, शिवाय त्या वस्तूविषयी विचार करण्याची एक रीतही आणतो. आणि पुष्कळदा विचाराच्या दुसऱ्या वाटा बंद करून टाकतो. घरगुती संगणकावर खेळ संथ चालू लागला म्हणजे मराठी घरांत गेली वीस-पंचवीस वर्षे एकच वाक्य ऐकू येते : ‘कॉम्प्युटर हँग होतोय.’ हे वाक्य जितके सोयीचे तितकेच घातक ठरले आहे. कारण त्यात निदान पाच-सहा स्वतंत्र दुखणी एका नावाखाली लपलेली आहेत, आणि नाव एकच असल्यामुळे औषधही एकच असावे असा समज दृढ झाला.

खेळांची गती वाढविण्याचा इतिहास सामान्यतः नव्या सुट्या भागांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक प्रोसेसर आला, तमुक वर्षी तमुक ग्राफिक्स कार्ड आले, आणि खेळ वेगाने चालू लागले, असे त्याचे स्वरूप असते. वस्तुतः हा इतिहास एकमेकांत मिसळलेली दुखणी वेगळी करण्याचा आहे. जेथे हे वेगळेपण भाषेत उतरले तेथे थोड्या खर्चात काम झाले; जेथे उतरले नाही तेथे पैसा चुकीच्या जागी गेला. प्रस्तुत निबंधात हेच दाखविण्याचा उद्देश आहे.

या विवेचनात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका दृष्टीसमोर ठेवला आहे. माणदेशातील हा अवर्षणप्रवण भाग डाळिंबाच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. ‘हरिविजय’ व ‘पांडवप्रताप’ या ग्रंथांचे कर्ते श्रीधरस्वामी ज्या नाझऱ्याचे, ते गावही याच तालुक्यात मोडते. येथील उन्हाळा, येथील वीजपुरवठा आणि येथील शेतकऱ्याची बिघाड शोधण्याची भाषा या तिन्ही गोष्टींचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

२. अतिवेगाचे दुखणे व ६४० किलोबाइटची मर्यादा

आरंभीचे दुखणे आजच्याच्या अगदी उलट होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९८१ मध्ये आयबीएमचा जो वैयक्तिक संगणक निघाला त्याचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झ गतीने चालत असे. त्या काळातील अनेक खेळांत वेळ मोजण्यासाठी घड्याळाचा आधार घेतलेला नसे. प्रोसेसरला ठराविक वेळा रिकाम्या फेऱ्या घालावयास लावून कालावधी साधला जाई. पुढे दुप्पट गतीचे संगणक आले तेव्हा हे खेळ इतके वेगाने धावू लागले की ते खेळणे अशक्य झाले. संगणकाच्या पेटीवर ‘टर्बो’ नावाची कळ येण्याचे हे एक मुख्य कारण होते. नावावरून ती वेग वाढविणारी वाटे. प्रत्यक्षात तिचा खरा उपयोग जुन्या कार्यक्रमांसाठी वेग कमी करण्याकडे होई. नावाने दिशाभूल होण्याचे या क्षेत्रातील हे एक जुने उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

दुसरे दुखणे स्मृतीचे, म्हणजे मेमरीचे. त्या संगणकाच्या प्रोसेसरला एकंदर एक मेगाबाइट स्मृतीपर्यंतच पोहोचता येई. त्यातील वरचे ३८४ किलोबाइट यंत्राच्या अंतर्गत कामासाठी राखून ठेवलेले असल्याने कार्यक्रमांच्या वाट्यास ६४० किलोबाइट येत. पुढे यंत्रात चार किंवा आठ मेगाबाइट स्मृती बसली तरी डॉसवर चालणाऱ्या खेळांना या जुन्या मर्यादेचा काच राहिलाच. माउस, ध्वनिकार्ड व सीडी यांचे चालक कार्यक्रम या ६४० किलोबाइटमध्ये जागा अडवीत, आणि खेळ ‘पुरेशी स्मृती नाही’ असे सांगून थांबे. १९९१ च्या एमएस-डॉस ५.० ने हे चालक कार्यक्रम वरच्या राखीव भागातील मोकळ्या फटींत हलविण्याची सोय केली. १९९३ च्या ६.० आवृत्तीत ही मांडामांड आपोआप करणारा ‘मेममेकर’ आला. येथे नवा भाग एकही विकत घ्यावा लागत नव्हता. जे होते त्याची जागा बदलली की खेळ चाले.

डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’ या खेळाने तिसरी गोष्ट शिकविली. हा खेळ ३२० × २०० ठिपक्यांच्या पडद्यावर, म्हणजे ६४,००० ठिपक्यांवर, चित्र रेखाटीत असे. यंत्र दुबळे असेल तर चित्राची चौकट लहान करण्याची आणि तपशील निम्मा करण्याची मुभा खेळणाऱ्यास होती. काम कमी केले म्हणजे गती वाढते, आणि कोणते काम कमी करावयाचे ते खेळणाऱ्याने ठरवावे, हे तत्त्व येथून रूढ झाले. पुढील सर्व खेळांतील ‘सेटिंग्ज’चे पान हा त्याचाच विस्तार होय.

३. ‘रॅम टाका’ : एका रामबाण उपायाची उत्पत्ती

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत घरगुती संगणक मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो या शतकाच्या पहिल्या दशकात. माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला व संगणकावरील आयातशुल्क क्रमाने २००५ पर्यंत शून्यावर आले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकाचे वर्ग गावोगावी निघाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून आणलेले सुटे भाग जोडून तयार केलेला, ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखला जाणारा संगणक घरी येऊ लागला. मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून तो घेतला जाई; मूल त्यावर प्रथम खेळ टाकी.

या संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुधा नसे. १९९६ मधील ‘व्हूडू’ कार्डाने आणि १९९९ मधील ‘जीफोर्स २५६’ ने त्रिमितीय चित्रणाचे काम प्रोसेसरच्या अंगावरून उतरविले होते. परंतु ही कार्डे महाग होती. स्वस्त यंत्रांत चित्रणाचा भाग मदरबोर्डावरच असे आणि त्याला स्वतःची स्मृती नसल्यामुळे तो मुख्य स्मृतीतूनच वाटा घेई. या रचनेचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होतो. २००३ मध्ये संगणकासाठी निघालेल्या ‘व्हाइस सिटी’ या खेळाची किमान अपेक्षा ८०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम ३, १२८ मेगाबाइट स्मृती व ३२ मेगाबाइटचे ग्राफिक्स कार्ड अशी होती. घरच्या यंत्रात १२८ मेगाबाइट स्मृती आहे आणि त्यातील ३२ चित्रणाने घेतली, तर उरते ९६. विंडोज एक्सपीसाठीच १२८ मेगाबाइट असावी अशी शिफारस होती. राहिलेली तूट विंडोज हार्ड डिस्कवर भागवी; आणि डिस्क ही स्मृतीहून हजारो पटींनी मंद असल्यामुळे खेळ क्षणोक्षणी थबके.

अशा यंत्रात आणखी १२८ मेगाबाइटची पट्टी बसविली की खेळ खरोखरच चालू लागे. ‘रॅम टाका’ हा सल्ला अशा रीतीने अनुभवातून जन्मला, आणि त्या काळापुरता तो बहुतांशी बरोबरही होता. इतिहासदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कारण बदलले, उपाय मात्र टिकून राहिला. पुढील दशकात आठ गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रातही खेळ अडखळला की तोच सल्ला दिला जाऊ लागला, जरी त्या यंत्रात निम्मी स्मृती रिकामी पडलेली असे.

‘फॉरमॅट मारणे’ हा दुसरा रामबाण उपायही असाच. विषाणू कार्यक्रम आणि सुरुवातीलाच चालू होणाऱ्या अनावश्यक कार्यक्रमांची गर्दी यांनी ग्रासलेले यंत्र पुन्हा कोरे केल्याने हलके होई, हे खरे. परंतु फॉरमॅटनंतर ग्राफिक्सचा योग्य चालक कार्यक्रम बसविला गेला नाही तर तोच खेळ पूर्वीपेक्षा वाईट चाले, किंवा मुळीच चालत नसे.

४. पंप व संगणक : निदानाच्या दोन भाषा

सांगोल्याच्या डाळिंबबागेत ठिबकच्या नळ्यांतून पाणी येईनासे झाले म्हणजे शेतकरी ‘पाणी येत नाही’ एवढ्यावर कधी थांबत नाही. एखादी फेज गेली आहे काय, मोटर जळाली आहे काय, फूटव्हॉल्व्ह धरत नाही काय, विहीर आटली आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, की क्षारांनी ड्रिपरच बंद झाले आहेत, असा त्याचा क्रम असतो. प्रत्येक दुखण्यास स्वतंत्र क्रियापद आहे, आणि त्या क्रियापदातच कारण सांगितलेले आहे. ‘आटली’ म्हटले की मोटर बदलण्याचा विचार कोणी करीत नाही. ‘तुंबला’ म्हटले की नवी विहीर कोणी खोदीत नाही.

‘हँग होणे’ या प्रयोगात हे सामर्थ्य नाही. इंग्रजीत संगणकाच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ मर्यादित होता : यंत्राने प्रतिसाद देणे पूर्णपणे थांबविणे. मराठीत त्याचा अर्थविस्तार होऊन प्रत्येक प्रकारच्या मंदपणास तो लागू झाला. त्याला जोडलेले ‘होणे’ हे सहायक क्रियापदही कर्त्यास व कारणास सारखेच झाकून टाकते. ‘लॅग मारणे’ हा पुढचा प्रयोग. ‘लॅग’ म्हणजे मुळात विलंब. तो खेळाच्या चित्रातील अडखळण्यासही वापरला जातो आणि इंटरनेटवरील उशिरासही. परिभाषा घडविणाऱ्यांचे लक्ष स्वाभाविकपणे वस्तूंच्या नावांकडे असते. त्यामुळे ‘संगणक’ हा सुंदर शब्द रूढ झाला, पण संगणकाच्या दुखण्यांना नावे मिळाली नाहीत. ज्या घरात पंपाच्या बिघाडाची सहा नावे होती, त्याच घरात संगणकाच्या बिघाडास एकच नाव राहिले.

५. दुखण्यांची वर्गवारी

खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलावयाचे असेल तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० वेळा असेल तर ३३.३. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोघे साधारणतः एकाच वेळी, एकापुढे एक चित्र ठेवून, काम करतात. समजा, प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात व ग्राफिक्सला ३०. अशा वेळी दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तरी चित्रास ३० मिलिसेकंदच लागणार. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी मांडलेला नियम याच जातीचा आहे : एकूण वेळाचा पाचवा हिस्सा घेणारा भाग कितीही वेगवान केला तरी समग्र गती सव्वापटीपलीकडे जात नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘काय घ्यावे?’ हा नव्हे, ‘वाट कोठे अरुंद आहे?’ हा होय.

ती ओळखण्याच्या कसोट्या सोप्या आहेत. त्यांस खर्च नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, आणि फरक पडतो की नाही हे मोजावयाचे.

पहिली कसोटी ठिपक्यांची. पडद्याचे प्रमाण १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणले म्हणजे ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर, म्हणजे चार-नवमांशावर येतात. असे केल्याने गती भरभर वाढली तर अडचण ग्राफिक्सची. ती जवळजवळ तेवढीच राहिली तर अडचण प्रोसेसरची. मग छाया किंवा पोताचे तपशील कमी करण्यापेक्षा गर्दी, वाहने, दूरवरची दृश्ये अशा गणनेच्या गोष्टी कमी कराव्या लागतात.

दुसरी कसोटी काळाची. खेळ सुरुवातीस उत्तम चालून दहा-पंधरा मिनिटांनी मंदावत असेल, आणि हाच प्रकार जानेवारीपेक्षा मे महिन्यात अधिक जाणवत असेल, तर यंत्र तापले आहे. २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ पासून पुढचे प्रोसेसर विशिष्ट तापमानानंतर स्वतःला वाचविण्यासाठी काम कमी करतात. पंखा जी हवा फेकतो ती खोलीतलीच असते. म्हणून खोली २५ अंशांऐवजी ४२ अंशांवर असली तर आतील भागाचे तापमानही सुमारे तेवढ्याच १७ अंशांनी वर सरकते. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात आणि माणदेशाच्या धुळीत हा हिशेब काल्पनिक नाही. पंख्याची धूळ काढणे, प्रोसेसर व उष्णताशोषक यांमधील वाळलेला लेप बदलणे आणि पेटी भिंतीपासून दूर ठेवणे, हेच येथे औषध.

तिसरी कसोटी डिस्कची. नव्या प्रदेशात शिरताना किंवा वळणावर खेळ क्षणभर थबकतो, एरवी सुरळीत चालतो, आणि त्याच क्षणी डिस्कचा दिवा सतत पेटलेला दिसतो, तर माहिती येण्यास उशीर होत आहे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा घेण्यासच ४.१७ मिलिसेकंद लागतात, आणि वाचणारा दांडा जागेवर जाण्याचा वेळ निराळा. फिरता भाग नसलेल्या एसएसडीत हा सारा काळ दहाव्या हिश्शाच्या मिलिसेकंदावर येतो. जुन्या तबकडीवर विखुरलेली माहिती जुळवून घेणे, म्हणजे डीफ्रॅगमेंट करणे, उपयुक्त होते. एसएसडीला त्याची गरज नाही. दिवा तसाच पेटतो, परंतु अनेक कार्यक्रम उघडे असतानाच खेळ अडतो व ते बंद केल्यावर सुधारतो, तर मात्र स्मृती अपुरी आहे. ‘रॅम टाका’ हा सल्ला येथे, आणि प्रायः येथेच, यथार्थ ठरतो. त्यातही मदरबोर्डावरील ग्राफिक्स असलेल्या यंत्रात एका पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या जोडीने बसविल्यास स्मृतीची वाहतूक तत्त्वतः दुप्पट होते. कित्येकदा एकूण स्मृती न वाढविताही फरक पडतो.

चौथी कसोटी विजेची. सांगोल्यासारख्या भागात खेळ बिघडला की विजेवर दोष जाणे स्वाभाविक आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाची आठवण अजून ताजी आहे. तथापि दाब कमी झाल्याने टेबलावरचा संगणक मंद होत नाही. तो एकतर चालतो, नाहीतर बंद पडतो. लॅपटॉपचे तसे नाही. वीज गेल्यावर तो बॅटरीवर जातो आणि ऊर्जा राखण्यासाठी खरोखरच आपली गती कमी करतो. एकाच तक्रारीमागे येथे दोन यंत्रांचे दोन निरनिराळे स्वभाव आहेत.

पाचवी कसोटी इंटरनेटवरील खेळांची. चित्र गुळगुळीत आहे, पण प्रतिस्पर्धी मधूनच उडी मारल्यासारखा दिसतो, तर विलंब मार्गातला आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर. तेव्हा तेथील सर्व्हरवर खेळताना जाण्यायेण्यास निदान ४० मिलिसेकंद लागणारच. हा काळ कोणत्याही ग्राफिक्स कार्डाने कमी होणार नाही. जवळचा सर्व्हर निवडणे आणि वायफायऐवजी तार वापरणे, एवढेच हाती आहे. ‘लॅग’ या एका शब्दाखाली चित्राचा व मार्गाचा विलंब एकत्र आल्याने येथे होणारी चूक सर्वांत महाग पडते.

६. जुनी युक्ती, नवे रूप

अलीकडील काळात जो मोठा बदल झाला तो तत्त्वतः नवा नाही. २०१८ मध्ये एनव्हिडियाने ‘डीएलएसएस’ आणि २०२१ मध्ये एएमडीने ‘एफएसआर’ ही तंत्रे आणली. चित्र थोड्या ठिपक्यांत रेखाटावयाचे व गणिताने ते मोठ्या पडद्याइतके भरून काढावयाचे, हे त्यांचे सूत्र. ‘डूम’ची चौकट लहान करणाऱ्या १९९३ च्या मुलाने हेच केले होते, फरक एवढाच की त्याला लहान चौकट डोळ्यांनी दिसत असे. एफएसआर जुन्या कार्डांवरही चालत असल्याने त्याचा लाभ कमी उत्पन्नाच्या घरांना अधिक झाला. परंतु येथेही निदानाची अट सुटत नाही. वाट प्रोसेसरपाशी अरुंद असेल तर ही तंत्रे लावूनही गती वाढत नाही, आणि मग तंत्रालाच दोष दिला जातो. ‘गेम बूस्टर’ नावाने मिळणाऱ्या कार्यक्रमांचीही हीच कथा आहे; ते पार्श्वभूमीवरील कार्यक्रम थांबवितात, म्हणून दुखणे तेच असेल तर उपयोग, एरवी नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य यंत्रे जुनी ठरली. ‘आता नवा घ्या’ हा सल्ला यामुळे अधिक जोराने दिला जाणार, हे उघड आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. परंतु सुरक्षिततेसाठी यंत्र बदलणे आणि गतीसाठी बदलणे हे दोन निर्णय आहेत. ‘कॉम्प्युटर जुना झाला’ या वाक्यात ते पुन्हा एकत्र होतात.

७. समारोप

सारांश, गतीचा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर प्रथम नावाचा प्रश्न होता. ‘टर्बो’ने उलटी दिशा दाखविली, ‘हँग’ने सर्व दुखणी एक केली, ‘लॅग’ने दोन विलंब मिसळले. या गोंधळाचा भार विक्रेत्यावर पडला नाही. वर्षातून एकदा बागेचे पैसे हाती येणाऱ्या आणि त्यातून मुलासाठी एक भाग विकत घेणाऱ्या घरावर पडला. भाग बसविला गेला, खेळ तसाच अडखळत राहिला, आणि यंत्रच वाईट असा निष्कर्ष निघाला.

तरीही या इतिहासाची दुसरी बाजू विसरता येत नाही. दुबळ्या यंत्रावर खेळ चालविण्याच्या हट्टाने गावोगावच्या अनेक मुलांनी एक वेळी एकच बदल करावा, मोजावे, आणि मगच मत बनवावे, ही प्रयोगाची शिस्त कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय आत्मसात केली. त्यांच्या ज्ञानाला भाषा मिळाली नाही, म्हणून ते लिहिले गेले नाही आणि धाकट्या भावापर्यंत पोहोचले नाही. ती भाषा बाहेरून आणावयास नको. तापणे, तुंबणे, आटणे, रखडणे, अडखळणे, मागे पडणे ही क्रियापदे मराठीत आहेत, आणि प्रत्येकीत कारणाचा किंवा लक्षणाचा निर्देश आहे. विहिरीवर ती रोज वापरली जातात. घरातील संगणकापुढे तीच वापरली गेली, तर पुढचा सुटा भाग घेण्यापूर्वी निदान एक प्रश्न तरी विचारला जाईल : विहीर आटली आहे, की फिल्टर तुंबला आहे?